राजेळीच्या घडासाठी झाडलेली बंदूक

बंदूक झाडायची हे मी रविवारच्या मिस्सानंतर चहा पिताना ठरवलं. चहा बरा झाला असता तर कदाचित ठरवलंही नसतं.

बंदूक घरचीच. बापाची. ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्या कोंबायचा, लोखंडी गजाने ठासायचं, घोड्याखाली ठिणगी पाडणारी केप बसवायची आणि चाप ओढायचा. बाप गेला आणि लायसन माझ्या नावावर झालं. तेव्हापासून निवडणूक आली की मी तिला गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करतो, निकाल लागला की परत आणतो. तिने बघितलेलं जग तेवढंच. (माझंही फार मोठं नाही.) झाडली मात्र कधी नव्हती.

आमची वाडी उमेळ्याला. पूर्वी चारी बाजूंना केळीच केळी. आता तीन बाजूंना बिल्डिंगा आणि चौथ्या बाजूला, भिंतीपलीकडे, बिल्डरचा बोर्ड. त्यावर पंधरा मजले रंगवलेत, खाली निळंशार पोहायचं तळं. तुंगारच्या डोंगरावरची माकडं इथपर्यंत येतात. फ्लॅटवाले त्यांना बिस्किटं घालतात, मग जेवायला ती माझ्याकडे. गेल्या वर्षी राजेळी केळ्यांचा एकही घड हाताला लागला नाही. पिकलेलं केळं हातात नाही, तर उन्हात सुकवायची ती सुकेळी काय सालांची करायची?

शेवटी माझा मुलगा सॅमी म्हणाला, "पप्पा, एक काय ते ठरवून टाकू. हा विहिरीजवळचा घड झाडावर पिकला की तुम्ही माकडांच्या आधी काढून घरात आणा, मी बिल्डरचं नाव काढणार नाही. नाही आणलात, तर वाडी विकायच्या कागदावर सही करायची."

"आणतो," मी म्हटलं.

"मम्मी, तू ऐकलंस ना?"

"ऐकलं," फ्लॉसी म्हणाली. "आता काय करतोय ते बघायचं." फ्लॉसी माझी बायको. माझ्यावर तिचा असा विश्वास आहे.

मी बंदूक काढली तेव्हा सॅमी घाबरला. "माकड मेलं तर केस होईल."

"मारतोय कोण? छर्रे घालणारच नाही. नुसता आवाज."

शिकवायला शेजारचा फर्डिनंड आला. लहानपणी तो मामाबरोबर शिकारीला जायचा. (मामा त्याला फक्त पिशवी उचलायला द्यायचा, हे तो मला बंदूक झाडून झाल्यावर बोलला.)

"दारू किती घालू?" मी विचारलं.

"मामा मुठीने घालायचा."

"मामाची मूठ केवढी होती?"

"मी लहान होतो, निकोलस. मला मोठीच दिसायची."

मी मोठी मूठ घातली. काथ्या कोंबला. गज आत सारला आणि ठासायला लागलो.

"जोरात ठास. पावाचं पीठ मळतोस काय?"

"मग तू ठास."

"शिकायचंय कोणाला?"

भिंतीवर माकडं येऊन बसली होती. एक मोठा हुप्प्या मांडीवर हात ठेवून, पंचायतीला बसावा तसा. वर बाल्कन्यांत फ्लॅटवाले मोबाइल घेऊन उभे. आणि तेवढ्यात चर्चची दुपारची घंटा झाली.

आता, घंटा झाली की आमच्याकडे हातातलं काम थांबतं. विहिरीतली बादली अर्ध्यावर असली तरी तिथेच राहते. मी गजावरचा हात काढला, टोपी काढली, क्रूसाची खूण केली. फर्डिनंडने मान खाली घातली. आम्ही दोघांनी डोळे मिटून नमो मरिया म्हटली, तीनदा, घाई न करता. माझ्या मनात घड होता हे मी कबूल करतो.

प्रार्थना झाली. टोपी डोक्यावर ठेवली, केप बसवली. गज त्याने काढला असेल असं मला वाटलं. मी काढला असेल असं त्याला वाटलं. विचारलं कोणीच नाही.

मी नळी आभाळाकडे धरायची होती. पण बंदूक जड, आणि मी सत्तर ओलांडलेला. चाप ओढेपर्यंत नळी खाली आली.

पुढचं मी पाठीवर पडून बघितलं, पाण्याच्या पाटातून. आधी काळा धूर. मग कडाड असा आवाज, तो बंदुकीचा नव्हे, घडाला दिलेल्या बांबूच्या टेकूचा. मग राजेळीची केळ सावकाश वाकली आणि घडासकट आडवी झाली. माकडं पळाली. मला जरा बरं वाटलं. मग ती परत आली.

वर चढायचे कष्टही मी त्यांना ठेवले नव्हते. हुप्प्या खाली उतरला, एक केळं तोडलं, चावा घेतला आणि थुंकला. हिरवं होतं. दुसऱ्याने चावलं, थुंकलं. मग सगळी निघून गेली. म्हणजे इतके दिवस ती घड पिकायची वाट बघत भिंतीवर बसत होती. माझ्यापेक्षा शेती त्यांना जास्त कळते.

मी अजून पाटातच होतो आणि वाडीचा निकाल सुरू झाला.

"माकडांच्या तोंडात गेलं," सॅमी म्हणाला.

"थुंकलं म्हणजे खाल्लं नाही," फर्डिनंड म्हणाला.

"आणि काढलं कुठे? पाडलं."

"मला कोणी उठवतंय का?" मी म्हटलं.

फ्लॉसीने उठवलं नाही. तिने चांगली उरलेली केळी टोपलीत भरली आणि रात्री त्यांची भाजी केली. सॅमीने दोनदा घेतली आणि बिल्डरच्या माणसाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला. हातात कागदात गुंडाळलेला आमचा गज. टेकू मोडून तो थेट बोर्डात घुसला होता, तेराव्या मजल्यावर. मला वाटलं आता भांडण. पण माणूस फारच गोड.

"काका, आपल्याला काही घाई नाही. बंदूकबिंदूक कशाला? आम्ही थांबतो."

मग फाटकापाशी तो सॅमीला हळूच, पण मला ऐकू येईल इतपत, म्हणाला, "म्हातारा पिकत आलाच आहे. आपोआप पडेल."

म्हणजे वाडी राहिली. मी आहे तोवर. त्या रात्री मी जेवलो नाही. फ्लॉसीला म्हटलं, "बघ, केळ्यावर माकडं टपलीत आणि माझ्यावर हा."

फ्लॉसीने माझ्या पाठीला तेल चोळलं, जरा जोरातच.

"तू नको घाबरू," ती म्हणाली. "तुला कोणी चावलं तरी थुंकूनच टाकेल."