निर्दोष दुर्बीण

वजनमापे निरीक्षकांच्या घरात कुठलीही वस्तू थेट येत नसे. आधी ती उमेदवार म्हणून उभी राही. फ्रीज घ्यायचा ठरला तेव्हा त्यांनी दुकानादुकानांतून, चालू फ्रीजमध्ये स्वतःचा थर्मामीटर ठेवून पाहिला होता. फ्रीज उत्तम निघाला. फक्त तो घरी आला तेव्हा उन्हाळा संपून लोक स्वेटर शोधायला लागले होते. दुकानदारांचे तराजू तपासण्यात हयात गेलेल्या माणसाला एवढं माफ असतं, असं त्यांची बायको म्हणायची. म्हणजे पहिली काही वर्षं म्हणायची. पुढे तिने तो विषय सोडून दिला.

या बाईने संसारात एकच गोष्ट मागितली. पोटाच्या ऑपरेशननंतर ती अंथरुणाला खिळली होती, आणि खिडकीतून रोज संध्याकाळी एक पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका दिसायचा. तो शनी आहे, असं निरीक्षकांनी सांगितलं. लोक ज्याच्यापासून चार हात लांब राहायला बघतात, त्याला हिला जवळून बघायचं होतं.

"त्याला खरंच कडं असतं का हो?"

"असतं तर. तू उठून बस, आपण दुर्बीण घेऊ. मी दाखवतो तुला."

ती आठवड्याभरात उठून बसली. दुर्बिणीला जरा वेळ लागला.

पहिल्या दुकानात खोक्यावर लिहिलं होतं, 'सहाशे पट मोठे दिसते'. निरीक्षक फक्त हसले. असल्या खोक्यांत अर्धी हवा असते हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं. ते वाचायला बसले. पटींना काही अर्थ नाही, खरी किंमत पुढच्या भिंगाच्या रुंदीला, हे त्यांना कळलं. मग रुंद भिंगाची दुर्बीण मागवली आणि ती दुकानदाराचा तराजू तपासावा तशी तपासली. भिंग सांगितल्याइतकंच रुंद होतं, पण नळीच्या आत एक पडदी बसवून त्याची कड चोरून झाकलेली होती. निरीक्षकांना तो दिवस सणासारखा गेला. त्यांनी दुकानदाराला असं काही पत्र लिहिलं, की त्याने पैसे परत दिलेच, वर माफीही मागितली.

दुसरीत चंद्राच्या कडेला जांभळी झालर दिसली. ती परत गेली. झालर टाळायची तर नळी लांब हवी, म्हणून तिसरी लांब नळीची आणली. लांब नळी डुलते, म्हणून स्टँड बदलला. नवा स्टँडही हात लागला की थरथरायचा, म्हणून त्याच्या पोकळ पायांत वाळू भरली. वाळूने स्टँड थांबला, तर गच्ची हलते असं लक्षात आलं. जिन्यात कुणी चढलं की तारे नाचायला लागत. आता गच्चीवर सिमेंटचा खांब बांधणं भागच होतं. तो पाण्याची टाकी आहे की स्मारक, यावर इमारतीच्या तीन बैठका झाल्या. मधूनच बायको विचारायची, यंदा दिसेल का. निरीक्षक म्हणायचे, "घाई कशाला? शनी कुठे पळून जातोय?"

खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनीही दुर्बीण घेतली होती. चपला घ्यायला गेले आणि येताना दुर्बीण घेऊन आले. खोक्यावरचं चित्र आवडलं, एवढंच त्यांचं संशोधन. दवाखान्याच्या बाल्कनीत ती लावून त्यांनी दोघांना शनी बघायला बोलावलं. असल्या खेळण्यातून बाटलीच्या बुडातून दिसतं तेवढंच दिसणार, असं निरीक्षकांनी कळवलं. बायकोने पायात चपला घातल्या होत्या.

"पहिल्यांदा बघायचं तर नीट बघावं," निरीक्षक तिला म्हणाले. "आपण आपल्या दुर्बिणीतून बघू."

"बरं," ती म्हणाली आणि चपला काढून ठेवल्या.

त्याला वर्षं लोटली. अखेर खांब वाळला, त्यावर दुर्बीण बसली, आणि तिच्यात शोधूनही खोट सापडेना. निरीक्षकांना थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण त्यांनी त्याच दिवशी दिवेलागणीनंतर बायकोला गच्चीवर बोलावलं. तिचे डोळे बरोबर भिंगापाशी येतील असं स्टूल तयार होतं. तिने चष्मा पुसला, बसली, आणि बराच वेळ बघत राहिली. खांब हलू नये म्हणून निरीक्षक श्वास रोखून उभे होते.

"दिसलं?"

"दिसलं की. किती छान हो. कडं कसं तिरकं बसलंय, टोपी कलती घातल्यासारखं."

निरीक्षकांना सगळे कष्ट वसूल झाल्यासारखं वाटलं. मग त्यांनी स्वतः डोळा लावला. गोळा दिसला. स्वच्छ, स्थिर, झालरीचं नाव नाही असा सुरेख गोळा. आणि कड्याचंही नाव नाही. त्यांनी मागचं भिंग पुसलं, बदललं, पुन्हा पहिलं लावलं. वाटाण्यासारखा गोळा. बायकोला दिसतं आणि आपल्याला दिसत नाही, म्हणजे दोष डोळ्यांत, हे ताडून ते घाईघाईने खाली दंतवैद्यांकडे गेले. घरापासून सर्वांत जवळचे डॉक्टर तेच होते.

दंतवैद्यांनी डोळे तपासले नाहीत. त्यांनी एक बशी निरीक्षकांच्या नाकासमोर आडवी धरली.

"काय दिसतं?"

"बशीची कड."

"तसंच आहे यंदा. कडं आपल्याकडे धार करून उभं आहे, आणि धार इतकी पातळ की आपल्या दुर्बिणींतून ती दिसतच नाही. पंधराएक वर्षांनी एकदा येतं असं. साहेब, तुम्ही एवढं वाचलंत, हे वाचलं नाहीत?"

निरीक्षकांनी दुर्बिणीबद्दल सगळं वाचलं होतं. शनीबद्दल काहीच वाचलं नव्हतं. शनी पळून गेला नव्हताच. त्याने नुसती कूस बदलली होती.

"मागे काय थाट होता त्याचा," दंतवैद्य रंगात आले. "वहिनींनी तर..." आणि त्यांना एकदम बशी जागेवर ठेवायची आठवण झाली.

निरीक्षक वर आले. या वेळी जिना सावकाश चढले. बायको स्टुलावरच बसली होती.

"यंदा कडं दिसतच नाही म्हणे," ते म्हणाले.

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"अर्धंच."

"दाढ भरायला गेले होते," ती म्हणाली. "भरून झाल्यावर त्यांनी बाल्कनीत नेऊन दाखवलं. तोंड बधिर होतं, त्यामुळे 'अरे वा'सुद्धा म्हणता आलं नाही. घरी येऊन सांगणारच होते. पण तुम्ही जमिनीवर बसून स्टँडच्या पायांत चमच्याने वाळू भरत होतात. मग नाही सांगितलं."

"आज तरी सांगायचंस."

"आज तुम्ही श्वास रोखून उभे होतात."

निरीक्षक खांबाला टेकले. खांब जराही हलला नाही. पक्का बांधला होता. पुढच्या वर्षीपासून कडं पुन्हा थोडं थोडं उघडेल, असं ते म्हणाले.

"बघू की," ती म्हणाली. "घाई कशाला? शनी कुठे पळून जातोय?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"कसं दिसलं होतं गं?" त्यांनी विचारलं. "किती तिरकं?"

तिने एका हाताची मूठ केली आणि दुसऱ्या हाताचा तळवा मुठीपुढे कलता धरला. "इतकं," ती म्हणाली. सवयीने निरीक्षकांचा हात खिशातल्या मोजपट्टीकडे गेला आणि तिथूनच परत आला. ते वाकून बघत राहिले. तिचा हात किंचित थरथरत होता. त्याबद्दल त्यांनी काही तक्रार केली नाही.