मर्लची सासू आणि इतर भयानक प्राणी

"'राक्षसांची तिसरी जंत्री' हे काय नाव झालं?" नॉर्बर्ट हॅगनने टेबलावर हात आपटला. "उद्या चौथी, परवा पाचवी. दोन वर्षं मी काय पाट्या रंगवत होतो?"

"पहिल्या दोन जंत्र्या खपल्या की नाही?" मर्ल डीट्रिख म्हणाला.

विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा गावात, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर मर्ल एका खेळाची पुस्तकं काढत असे. टेबलाभोवती बसायचं, कुणी योद्धा व्हायचं, कुणी जादूगार, आणि फासे टाकून राक्षस मारायचे, असा तो खेळ. राक्षस लिहिणं नॉर्बर्टकडे. कुणाला दात किती, कुणाला प्राण किती, म्हणजे किती घाव सोसून तो मरेल, हे तो अगदी पोटतिडकीने लिही. या पुस्तकाचं नाव त्याने केव्हाच ठरवलं होतं: 'अंधाराची वंशावळ'. ते नाव समजावणारी प्रस्तावनाही लिहून तयार होती.

"वंशावळ कोण विकत घेतं?" मर्ल म्हणाला. "लोकांना स्वतःची नकोशी झालेली असते."

नॉर्बर्टच्या कपाळाची शीर तडतडू लागली, तसा फासा निघाला. या कचेरीत भांडण मिटवायची ती एकच रीत. वीस नावांचा तक्ता करायचा, एक नाव एकदाच लिहायचं, मग वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पडेल ते निमूट मानायचं. पुन्हा टाकणं नाही. हा नियम मर्लनेच आपल्या पहिल्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापला होता.

मर्लने भराभर नावं लिहिली. सगळ्यांत जंत्री होतीच. चित्रं काढणाऱ्या डॉटीने चार घातली. नॉर्बर्टने एक लिहून पेन्सिल फेकली.

"तक्ता अर्धा रिकामा आहे," मर्ल म्हणाला. "तू भरणार, की मीच भरू?"

आणखी जंत्र्या येणार हे दिसताच नॉर्बर्टने पेन्सिल पुन्हा उचलली आणि मनातली सगळी आग तक्त्यावर ओकली. 'बिनडोक मालक आणि त्याचं बीळ'. 'घ्या एकदाचे राक्षस'. शेवटच्या ओळीत त्याने लिहिलं, 'मर्लची सासू आणि इतर भयानक प्राणी'. मर्लने रागाने फासा टाकला आणि नेमकी तीच ओळ पडली.

मर्लचा चेहरा उतरला. माडी सासूची होती, आणि सासू या क्षणी मागच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे बांधत बसली होती. "फासा पेन्सिलीला अडला," तो म्हणाला. "पुन्हा टाकू."

"टाकूच," नॉर्बर्ट म्हणाला. आपल्या दोन वर्षांच्या कष्टांवर हे असलं नाव छापलेलं त्यालाही दिसायला लागलं होतं.

"खबरदार," डॉटी म्हणाली. "गेल्या महिन्यात याच फाशाने माझा ड्रॅगन मुखपृष्ठावरून गेला. तेव्हा तुम्हा दोघांना नियम फार प्यारा होता. आता मोडलात, तर मी या क्षणी घरी जाते."

चित्रं अजून अर्धीच झाली होती, त्यामुळे दोघांनीही फाशाला हात लावला नाही. आता नियमापेक्षा मोठं एकच माणूस उरलं होतं. म्हातारी भडकून तक्ता फाडेल, या आशेने नॉर्बर्ट स्वतःच तो घेऊन मागे गेला. मर्ल त्याला आवरायला धावला, पण उशीर झाला होता.

मर्लच्या सासूबाईंनी, मिसेस प्रोहास्कांनी, चष्मा वर करून ओळ वाचली. "मी पहिली," त्या म्हणाल्या. "बाकीचे इतर."

"हा तुमचा चक्क अपमान आहे," नॉर्बर्टने आठवण करून दिली.

"जन्मभर चर्चच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड नेते मी. पहिला नंबर कुणी दिला नाही. माझं पान कुठलं?"

"तुमचं पान नाहीये."

आता मात्र त्या भडकल्या. "वर माझा डंका, आणि आत मी नाही? गिऱ्हाइकाला फसवता?"

"आई, पानं वाढवता येत नाहीत," मर्ल दारातून म्हणाला. "छापखान्याला आकडा दिलाय."

त्यांनी हस्तलिखित ओढून घेतलं, चाळलं आणि प्रस्तावनेवर बोट ठेवलं. "यात राक्षस कुठंय?"

"त्यात नाही. ते माझं..." नॉर्बर्ट सांगू लागला.

"मग हेच काढ. इथे मला घाल."

त्याने प्रस्तावनेची दोन्ही पानं काढली. कोरा कागद घेऊन तो त्यांच्यासमोरच लिहायला बसला.

"प्राण किती देतोयस मला?" त्यांनी विचारलं.

"चाळीस."

"ऐंशी कर," मर्ल भिंतीकडे बघत म्हणाला.

नॉर्बर्टने सासूबाईंकडे एकवार नीट पाहिलं आणि नव्वद लिहिले.