कमांडरसाहेबांची सात जहाजं

देशाच्या संरक्षणासाठी समुद्र आवश्यक आहे. अधिकाऱ्यासाठी तो ऐच्छिक आहे. कमांडर नौमान तुंगेकर (निवृत्त) यांची उभी कारकीर्द याची साक्ष होती.

पुरवठा शाखेत त्यांनी सात जहाजांवर सेवा केली. सातही विटांची होती. नौदलात किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजाचंच नाव देतात. तिथली फरशी म्हणजे डेक, आणि फाटकाबाहेर भाजी आणायला गेलं तरी 'किनाऱ्यावर गेलो' म्हणायचं. अशा जहाजांवर मोजे, साबण आणि तूरडाळ यांचं चोख वाटप करत तुंगेकर बढत्या घेत गेले. एकही जहाज बुडालं नाही. (एकाची गच्ची गळायची.) खऱ्या जहाजावर ते एकदाच चढले, तेही गोदीत बांधलेल्या, आणि चहा न घेता उतरले.

१९९४ साली ते नेरूळला राहायला आले. सोसायटीने स्वखर्चाने त्यांच्या दारावर पितळी पाटी लावली, त्यावर नांगर कोरला.

"सात जहाजं, साहेब?" लोक विचारत.

"सात," ते म्हणत. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढचं वाक्य न बोलणं होतं. हळूहळू पाण्याच्या टाकीपासून नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत सगळं त्यांच्या सल्ल्याने चालू लागलं. या मानाची त्यांना लाज वाटे, आणि तो जाईल याची त्याहून जास्त भीती वाटे.

अशात सेक्रेटरी अश्विन तांबे यांनी सहल जाहीर केली: उरणच्या मोरा बंदरातून लाँचने घारापुरी, 'आपल्या कमांडरसाहेबांच्या नेतृत्वाखाली'.

"अजून वेळ हाय, सांगून टाका," त्यांची बायको बतूल म्हणाली. तिचा बाप मोऱ्याचा तांडेल, आयुष्य बोटीवर काढलेला. "माझ्या बाबाने निकाहच्या दिवशीच ओळखलं होतं तुमाला."

लाँच धक्क्यापासून सुटली आणि कमांडरसाहेब कठड्यावरून ओणवे झाले.

"साहेब खोली बघतायत," तांबे यांनी हळूच सांगितलं. अर्धी सोसायटी त्याच बाजूला खोली बघायला वाकली. लाँच कलली, लाँचच्या तांडेलाने सगळ्यांना शिव्या घालून बसवलं.

तिसऱ्या पाहणीनंतर साहेबांनी तोंड पुसलं. "मला बोट लागते," ते म्हणाले. "माझी सातही जहाजं विटांची होती. मी समुद्रावर कधी गेलोच नाही." त्यांना एकदम हलकं वाटलं, पोटातही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाटी काढायला उभे राहिले. पहिला स्क्रू निघतोय तोच समोरचं दार उघडलं. त्यावर लिहिलं होतं, 'अश्विन तांबे, इंडस्ट्रियलिस्ट'. (एपीएमसी मार्केटात रिकाम्या गोण्यांची खरेदी-विक्री.)

"खरं बोललात, चांगलं केलंत," तांबे म्हणाले. "पण पाटी राहू द्या साहेब. तुमची निघाली की लोक माझी वाचायला लागतील."

वरून 'प्रिन्सिपल' सुमेधा मॅडम उतरल्या. (हॉलमध्ये शिकवणी, पाचवी ते सातवी.) त्यांनी आपल्याकडचे दोन लांब स्क्रू पुढे केले.

संध्याकाळपर्यंत पाटी पूर्वीपेक्षा घट्ट बसली आणि कमांडरसाहेब चेअरमन म्हणून बिनविरोध निवडून आले. त्यांनी जिन्याकडे पाहिलं आणि डेक धुऊन घ्यायला सांगितलं. हे आठवं जहाज.

आपण हसलात, हरकत नाही. शेजारी झोपले की एकदा बाहेर येऊन स्वतःच्या दारावरची पाटी वाचा. स्क्रू-ड्रायव्हर लागला तर साहेबांकडे आहे. त्यांना आता त्याचा उपयोग नाही.