भीती मोजणारा पट्टा

प्रेमलालच्या घरात भीती नावाची चीजच नव्हती! हे कोण सांगायचं? प्रेमलाल स्वतः! कटंगीच्या बसस्टँडवर दिवसभर "तुमसर, तुमसर, तुमसर!" असं ओरडून तो बसगाड्या भरायचा आणि दोन बसांच्या मधल्या वेळात भैयालालच्या चहाटपरीवर आपल्या घराण्याचं शौर्य सांगायचा.

"आमच्या बुढीनं मुसळानं नाग मारला बे! आन् माई पोट्टी? नऊ वर्साची हाय. पुढच्या शुक्रवारी बालाघाटले टॉन्सिलचं ऑपरेशन हाय तिचं. चेहऱ्यावर हाय का काई? बापावर गेली!"

आता बापाचं खरं सांगू का? डॉक्टरांनी ऑपरेशन हा शब्द उच्चारला त्या दिवसापासून बापाच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता. पोरीला गुंगीचं औषध देणार, तोंडात चिमटे घालणार... एवढं मनात आलं की त्याचे हातपाय गार पडायचे. पण हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, पौर्णिमेलाही नाही!

आणि नेमक्या तेव्हाच नूतन मॅडम आल्या. नागपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. ऑपरेशनच्या आधी लेकरं आणि घरचे लोक भीती कशी पेलतात, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. पोरीची, रचनाची तपासणी झाली त्याच दवाखान्यातून त्यांनी नाव घेतलं होतं. त्यांनी तीन पट्टे आणले, मनगटावर घड्याळासारखे बांधायचे. एक रचनाला, एक पौर्णिमेला, एक प्रेमलालला.

"छातीत धडधड वाढली की हा वाजतो," मॅडम म्हणाल्या. "वेळ आपोआप आत नोंदली जाते. रचना, तू वहीत एवढंच लिहायचं, तेव्हा काय झालं होतं. पुढच्या गुरुवारी मी परत येते. आणि हे बघा, यात पास-नापास काही नाही."

"आमच्या घरी वाजणारच नाई, मॅडम!" प्रेमलाल छाती फुगवून म्हणाला.

मॅडम गल्लीच्या तोंडाशीही पोचल्या नव्हत्या, तोच टूंई! कुणाचा? प्रेमलालचाच!

दुसऱ्या दिवशी स्टँडवर तर इज्जतच गेली. "तुमसर, तुम..." टूंई! "ए बाई, खिडकीची सीट..." टूंई!

"अरे प्रेमलाल," भैयालाल गाळणी झटकत ओरडला, "पेट में चिड़िया पाल ली क्या?"

अख्खं स्टँड हसलं. प्रेमलालही हसला, पण डोक्यात भलतंच सुरू होतं. उद्या हा पट्टा रचनासमोर असाच वाजत राहिला तर? पोरीला कळेल, आपला बापच भितो! मग तिला धीर कुणी द्यायचा? टेबलावर झोपायला ती नाही म्हणाली तर? घसा असाच सुजत राहिला, झोपेत श्वास अडकला तर?

टूंई! टूंई!

संध्याकाळी त्यानं पट्टा काढला आणि आपल्या आईच्या, शेवंताबाईच्या मनगटावर बांधला. नाग मारणारी बाई! हिच्या हातावर पट्टा गंजून जाईल, पण वाजायचा नाही!

"मले काहून हे?" शेवंताबाईनं विचारलं.

"बीपीले चांगलं असते, माय. काढू नको. आन् पौर्णिमेले दाखवू नको."

स्वतः मात्र त्यानं भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला आणि पोरीला धीर द्यायच्या कामाला लागला. सकाळी शाळेत जायच्या आधी एकदा, दुपारी जेवताना एकदा, संध्याकाळी दिवा लागला की एकदा. "रचना, भेऊ नको हं! काईच होत नाई! बिलकूल भेऊ नको!"

एवढ्यानं भागेना म्हणून त्यानं गल्लीतल्या लोकांना निरोप धाडला, पोरीला भेटून जा, हिंमत द्या. आणि ऑपरेशनच्या आधी भेटायला जायचं असलं की आपली माणसं कशी येतात, ठाऊक आहे ना? हातात बिस्किटाचा पुडा आणि तोंडात स्वतःचं ऑपरेशन! चैतराम सुताराचं हर्नियाचं झालं होतं. त्यानं सदरा वर करून टाकेच दाखवले. सुई पाठीत कुठे टोचली, कितीदा टोचली, सगळं बोटानं दाखवलं. पुष्पलताबाईचा दीर म्हणे अर्ध्या ऑपरेशनातच उठून बसला होता!

"मंग? उठून काय म्हणाला?" रचनानं डोळे मोठे करून विचारलं.

"च्या मांगतला!" पुष्पलताबाई म्हणाली.

प्रेमलाल खांबाला धरून उभा होता. पौर्णिमा चहाचे कप उचलता उचलता त्याच्या कानाशी फणकारली, "तुमी धीर देऊन राह्यले का पोट्टीचा जीव घेऊन राह्यले?"

आणि तिकडे शेवंताबाईच्या पदराखाली दिवसभर टूंई, टूंई! अधूनमधून रचनाचाही! मशीनच फालतू हाय, असं प्रेमलालनं ठरवून टाकलं.

गुरुवारी दुपारी मॅडम आल्या. लॅपटॉप उघडला. प्रेमलालच्या नावाची रेघ पडद्यावर आली आणि मॅडमचा चेहरा उतरला.

"प्रेमलालजी, तुम्ही रोज दुपारी तीन-तीन तास झोपता?"

"नाई... म्हंजे... हौ."

"आणि पहाटे चारला उठून अर्धा तास एका जागी बसता. तेव्हा धडधड खूप वाढते, मधेच ठोके चुकतात. हे हृदय चाळिशीच्या माणसाचं वाटतच नाही. मला यातलं डॉक्टरांइतकं कळत नाही, पण तुम्ही आजच्या आज तपासून घ्या!"

"अहो!" पौर्णिमेच्या हातून बशी खाली पडली. रचना धावत आली आणि तिनं बापाच्या कमरेला घट्ट मिठी मारली. "पापा को क्या हुआ? मम्मी, पापा को क्या हुआ?"

आणि कहर बघा! हे काळीज आपलं नव्हेच, हे प्रेमलाल स्वतःच विसरला! त्याला दरदरून घाम फुटला. डाव्या हाताला मुंग्या आल्या. "पौर्णिमा... मले पानी दे वं... मी चाललो!" असं म्हणत तो खाटेवर आडवा झाला. शेजारचा हेमराज जीप घेऊन दारात आला. चौघांनी खाट उचलली. चैतराम रडायलाच लागला!

तेवढ्यात परसातून शेवंताबाई धावत आली. "काय झालं रे प्रेम्या? काय झालं माया लेकराले?"

टूंई! टूंई! टूंई!

मॅडमनी म्हातारीच्या मनगटाकडे पाहिलं. मग पुढे होऊन प्रेमलालची बाही वर सारली. मनगट मोकळं!

चौघांनी खाट खाली ठेवली. जरा जोरातच ठेवली.

खाली मान घालून प्रेमलालनं सगळं कबूल केलं. मग आईकडे वळला. "पन माय, तू? तुले भेव वाट्टे?"

"वाट्टे ना!" शेवंताबाईचा आवाज फाटला. "रोज पहाटे देवापाशी बसते, ते काय उगाच? नागाले मुसळ घालता येते रे. याले काय घालू?"

उद्या आजींचीही तपासणी करून घेऊ, असं मॅडमनी वहीत टिपलं आणि रचनाची रेघ उघडली.

"ही बघा. किती शांत! पाहुण्यांच्या गोष्टी ऐकतानासुद्धा शांत. फक्त रोज तीनदा धडधड वाढते. सकाळी साडेसहा, दुपारी दीड, संध्याकाळी सात. तेव्हा काय होतं, रचना?"

रचनानं बापाकडे पाहिलं आणि वही पुढे केली. शाळा हिंदीची, म्हणून वहीही हिंदीत. मॅडमनी वाचलं, "पापा आए. बोले, डरना मत. डर लगा."

पान उलटलं. "पापा आए. बोले, डरना मत. बहुत डर लगा."

एकवीस वेळा! दुसरं काही लिहिलेलंच नव्हतं.

"काहून वं बेटा?" प्रेमलालनं विचारलं.

"चैतराम काकानं सगळं सांगतलं, सुई कुठं टोचते, टाके कुठं देते. तुमी काईच सांगत नाई. निस्तं भेऊ नको, भेऊ नको. मंग मले वाट्टे, काईतरी लय मोठं हाय, आन् पापा लपवून राह्यले."

एका आठवड्यात आपण आपल्या पोरीला एकवीस वेळा घाबरवलं! जमिनीनं पोटात घ्यावं असं प्रेमलालला वाटलं.

शुक्रवारी बालाघाटच्या दवाखान्यात नर्स म्हणाली, ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत एकच जण येऊ शकेल. रचनानं बापाचं बोट धरलं. हिरव्या झग्यात ती आणखीच बारकी दिसत होती. प्रेमलालनं ओठ घट्ट मिटले होते. न जाणो, तोंड उघडलं तर सवयीनं तेच बाहेर पडायचं!

दारापाशी रचना थांबली. "पापा, तुमाले भेव लागून राह्यलं?"

प्रेमलाल खाली बसला. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलंही नाही. "हौ बेटा. लय लागून राह्यलं."

रचनानं मोठा श्वास सोडला. "मलेबी. मले वाटे, मी एकलीच हाय." आणि ती नर्सबरोबर आत गेली.

अर्ध्या तासानं डॉक्टर हसतच बाहेर आले. सगळं व्यवस्थित झालं होतं. चार दिवस बोलायचं नाही, जोरात हसायचं नाही, बस!

आता प्रेमलालनं तरी गप्प बसावं की नाही? पण गडी केवढ्या आनंदात! जगातली सगळ्यात मोठी विद्या त्याला एकट्याला सापडली होती. संध्याकाळपर्यंत रचना वॉर्डात चांगली जागी झाली, आजी तिच्या उशाशी होती. शेजारच्या खाटेवर सात वर्षांची सीता उद्या आपला नंबर लागायची वाट बघत मजेत केळं खात होती. प्रेमलाल खुर्ची ओढून तिच्यापाशी बसला.

"बेटा, मी तुले खरं सांगतो. मले लय भेव लागलं होतं! असे हातपाय गार पडले होते! अंधारी आल्ती डोळ्यापुढं! म्या तं खाटच धरली होती मराले..."

सीतानं केळं टाकलं आणि असं भोकाड पसरलं की वॉर्डातली बाकीची चार लेकरंही सुरात रडू लागली. नर्स धावत आली. तिनं प्रेमलालला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

आत रचनानं आजीच्या पदरात तोंड खुपसलं होतं. हसायची मनाई होती ना!

"अवं ताई, आयकून तं घ्या!" बाहेरून दारावर थाप पडत होती. "मी तं धीर देऊन राह्यलतो!"