गल्लीपलीकडची आफ्रिका

गोरक्षनं आफ्रिकेला जायचं ठरवलं, त्यात वावगं काहीच नव्हतं. वावगं झालं ते पुढं. निघायचा मुहूर्त काढून आणायचं काम त्यानं आईवर सोपवलं.

मॅट्रिक झाल्यापासून तो नाशकातल्या एका कापडदुकानात हातात गज धरून उभा होता. मोंबासाला एका कच्छी शेटच्या गोदामावर कारकून हवा होता, आणि दुकानमालकाच्या ओळखीनं ती जागा गोरक्षला मिळाली. पगार इथल्या तिप्पट, पण जायचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. म्हणून बोटीचं तिकीट डेकचं. डेक म्हणजे उघड्यावर वळकटी पसरायची, ऊन, वारा आणि खारं पाणी फुकट, आणि जेवण आपलं आपण शेगडीवर शिजवून घ्यायचं. शनिवारच्या बोटीनं निघाला नाही तर जागा दुसऱ्याला देऊ, असं शेटनं स्वच्छ कळवलं होतं.

तेव्हापासून गोरक्ष जमिनीवर चालेनासा झाला. जो भेटेल त्याला तो सांगायचा, "परदेशात राहायचं म्हणजे मन घट्ट लागतं. येरागबाळ्याचं काम नाही." (घरात झुरळ निघालं तर तो पाटावर चढून उभा राहतो, हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. आणि सिंधू लग्न होऊन वर्षाच्या आतली, ती कुणाला सांगणार?) सिंधू डोळे पुसायला लागली की तिलाही तो घट्ट मनाचं व्याख्यान द्यायचा. ती बिचारी ऐकून घ्यायची आणि पुन्हा डोळे पुसायची.

आई, म्हणजे कुसाबाई, जोशीबुवांकडून आली ती पदरानं वारा घेतच. "शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ हाय. तिकडं निघायचं नाय."

"आई, बोट शनिवारी सुटते. गाडी शुक्रवारचीच धरायला हवी."

"धर की! पर प्रस्थान बुधवारी सकाळी ठेवायचं. चांगला मुहूर्त हाय."

आता प्रस्थान म्हणजे काय, तर जायच्या दिवशी मुहूर्त नसला की आधीच्या शुभवेळेला सामान जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तिथूनच सुरू झाला, असं ग्रहांना वाटतं. सोपं काम.

"बरं. ट्रंक ठेवून येतो," गोरक्ष म्हणाला.

"नुसती ट्रंक? नोकरी ट्रंकेला लागली का तुला? तूबी जायचं. एकदा उंबरा वलांडला की शुक्रवारपत्तूर ह्या घरात पाऊल टाकायचं नाय. टाकलंस तर मुहूर्त मोडला. मग म्या काय तुला समुद्रावर धाडायची नाय. बोट जाऊ दे न्हाईतर शेट जाऊ दे."

गोरक्षनं छाती फुगवली. दोन दिवस गल्लीत काढायचे, ते आफ्रिकेला निघालेल्या माणसाला काय जड?

पश्चिमेला घर एकच होतं. गल्लीपलीकडे समोरासमोर, रहेमानचाचांचं. त्याच्यापुढं उकिरडा. (स्टेशन नेमकं उलट्या दिशेला पडत होतं, ते गोरक्षनं आईच्या कानावर घालून पाहिलं. "ठेसन कुठं का असंना, आफ्रिका तिकडंच हाय," म्हणून तिनं विषय मिटवला.) रहेमानचाचा नाशकातल्याच द्वारका नाक्यावर टांगा लावायचे. त्यांनी आणि जैतुनचाचींनी पडवी झाडून दिली. राहायला अडचण नव्हती. अडचण जेवायची. त्या काळात एकमेकांकडे सुखदुःखाला धावायचे, पण पंगतीला नाही. म्हणून कुसाबाईनं शेगडी, कोळसे आणि पिठाचे डबे ट्रंकेबरोबर धाडले. "डेकवर करायचंच हाय, हितनंच सुरू कर."

बुधवारी सकाळी सगळी आळी जमली. औक्षण झालं, हातावर दही पडलं, बहिरूकाकांनी झेंडूचा हार घातला. सिंधू हुंदके देऊ लागली. गोरक्ष घोगऱ्या आवाजात "येतो" म्हणाला, गल्ली ओलांडली आणि समोरच्या घरात शिरला.

लोक तसेच उभे. "आता पुढं?" बहिरूकाकांनी विचारलं.

"पुढचं शुक्रवारी," कुसाबाई म्हणाली. मग कुठं लोक हलले.

दुपारी गोरक्षनं शेगडी पेटवली. म्हणजे पेटवायला बसला. पडवीत असा धूर कोंडला की रहेमानचाचांचा घोडा बाहेर शिंकू लागला.

"बेटा, कोळसा ओला है," बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून जैतुनचाची म्हणाल्या.

"मला येतं, चाची."

"येतं तो धूर क्यूं येतो?"

पिठलं त्यानं केलं, ते खालून करपलं आणि वरून कच्चं राहिलं. भाकरी थापली तिचा नकाशा झाला. तव्यावर टाकताना निम्मा नकाशा निखाऱ्यात पडला. समोरच्या दारातून सिंधू हे सगळं पाहत होती. हात शिवशिवत असतील तिचे, पण सासूनं बजावलं होतं, जो निघाला त्याला मागं बोलवायचं नाही. गोरक्षनं पिठल्याचा घास घेतला आणि लांबूनच तिला "फक्कड" अशी खूण केली. मग भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायला, तांब्याभर.

संध्याकाळी समोर दिवा लागला. आईचा आवाज, भांड्यांचा आवाज, सिंधूच्या बांगड्यांचा आवाज, सगळं ऐकू येत होतं. आणि गोरक्षला घराची आठवण आली. खोटं कशाला बोला, तो रडला. घर समोर दिसत असताना घरासाठी रडणारा माणूस आळीनं त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्यानंही तो कुणाला दिसू दिला नाही.

गुरुवारी दुपारी घात झाला. सिंधूनं वांगी भाजायला घेतली. भाजल्या वांग्याचा वास, त्यावर लसणाची फोडणी, आणि तो वास गल्ली ओलांडून थेट पडवीत. त्याला दिशाशूळ नव्हता. इकडे शेगडीवर कालचंच पिठलं. इतक्यात कुसाबाई हातात टोपली घेऊन भाजीबाजाराकडे गेलेली गोरक्षनं पाहिली.

दोन घास खायचे आणि परतायचं. कुणाला कळणार? कपडे पाहून कुणी ओळखू नये म्हणून त्यानं रहेमानचाचांच्या घोड्याची घोंगडी डोक्यावरून घेतली, आणि उकिरड्याला वळसा घालून तो स्वतःच्या घराच्या मागच्या दारानं आत शिरला. (भर दुपारच्या उन्हात घोंगडी पांघरलेला माणूस कुणाच्या नजरेत भरणार नाही, असं त्याला खरोखर वाटलं होतं. अशा डोक्याला शेट तिप्पट पगार देणार होता.)

"अगं बाई! तुम्ही?" सिंधू दचकली. "मुहूर्त मोडेल ना!"

"मुहूर्ताला वास येत नाही. वाढ आधी."

सिंधूनं वाढलं. पहिला घास तोंडात गेला आणि गोरक्षचे डोळे भरून आले. तिचेही भरले. बोलायचं दोघांच्याही मनात खूप होतं, पण तेवढ्यात मागच्या अंगणातून शेजारच्या लंकाबाईचा आवाज फुटला.

"आगं धावा गं! गोरक्षा गेला आफ्रिकेला आन् त्याच्या घरात घोंगडीवाला शिरला!"

लंकाबाईचा आवाज म्हणजे पार गोदाकाठी ऐकू जायचा. आळी काठ्या घेऊन पळत आली. गोरक्षला काही सुचेना. बाहेर येऊन "मीच तो" म्हणावं, तर मुहूर्त मोडला, बोट गेली, नोकरी गेली. न म्हणावं, तर सिंधूच्या नावाला बट्टा. कोपऱ्यात बाजरीची कणगी होती, तळाला गेलेली. विचार करायला वेळ मिळावा म्हणून तो भाकरीसकट कणगीत उतरला. सिंधूनं वरून झाकण लावलं आणि पदराला हात पुसत उभी राहिली.

"कुठंय त्यो?" आळीतला दांडगा वाळू काठी आपटत आत आला. त्याच्यामागं लंकाबाई, बहिरूकाका, चाबूक घेतलेले रहेमानचाचा, आणि सगळ्यांना कोपरानं बाजूला सारत टोपलीसकट कुसाबाई.

"इथं कुणी नाही," सिंधू म्हणाली.

कणगी शिंकली.

बाजरीचं भुसकट गोरक्षच्या नाकात गेलं होतं, त्याला तो तरी काय करणार? वाळूनं काठी उगारली. "सरका, घालतो वरनंच एक!"

"थांब," कुसाबाई म्हणाली. तिनं टोपली खाली ठेवली, झाकण उचललं आणि आत पाहिलं.

आत तिचा मुलगा बसला होता. भुसकटानं पांढरा झालेला, तोंडात भाकरी, डोळ्यांत पाणी. माय-लेकांची नजरानजर झाली. कुसाबाईनं झाकण परत लावलं.

"बोका हाय," ती म्हणाली.

"बोका शिंकतो व्हय?" लंकाबाईनं विचारलं.

"भुसकाटानं वाघबी शिंकंल."

"आन् त्यो घोंगडीवाला?"

"तुला ऊन लागलंय. घरी जाऊन कांदा हुंग."

"हाकलून देऊ का बोक्याला?" वाळूला काठी वाया जाऊ द्यायची नव्हती.

"राहू दे," कुसाबाई म्हणाली. "पाळलेला हाय. उद्या जानारच हाय त्यो."

रहेमानचाचांनी कोपऱ्यात पडलेली आपल्या घोड्याची घोंगडी ओळखली. त्यांनी ती काखेत मारली आणि लोकांना हाकत बाहेर नेलं. सिंधूच्या नावाला धक्का लागला नाही. गोरक्षच्या नावाचं म्हणाल, तर ते कुणी घेतलंच नव्हतं. अंधार पडू लागला तेव्हा तो कणगीतून निघून गुपचूप पडवीत परतला. भरिताची वाटी पडवीच्या कठड्यावर कोण ठेवून गेलं, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी रहेमानचाचांच्या टांग्यातून सगळे नाशिक रोडला गेले. हार नव्हता, गर्दी नव्हती. आळीनं एकदा निरोप दिला होता, दुसऱ्यांदा कोण देतो? गोरक्ष डब्यात चढला, ट्रंक बाकाखाली सरकवली आणि खिडकीशी आला. कालपासून मनात रुतलेलं त्यानं अखेर विचारलं.

"आई, मुहूर्त मोडला ना गं?"

"नाय मोडला. जोशीबुवांनी नुसती ट्रंकच ठिवायला सांगितली व्हती."

गोरक्षनं आ वासला. "मग मला कशाला बाहेर काढलंस?"

"बघावं म्हनलं, घराबाहेर किती टिकतोस. तिकडं रडू आलं तर डोळं पुसायला कोन हाय तुला?"

"आणि मी तर दुसऱ्याच दिवशी..."

"व्हय," कुसाबाई म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी."

सिंधू पदराआड हसली. डोळे ओले होतेच, पण हसली. रहेमानचाचा घोड्याकडे बघायचं निमित्त करून लांब जाऊन उभे राहिले. गार्डानं शिट्टी दिली.

"आई, एवढं सगळं कळूनही मला पाठवतेस?" गोरक्ष खिडकीतून ओरडला. "तिथूनही पळून आलो तर?"

गाडी हलली होती. कुसाबाई दोन पावलं तिच्याबरोबर चालली.

"कसा येशील?" ती म्हणाली. "मदी समुद्र हाय म्हनून तर धाडते."