निकम्म्या माणिकचे वडील

माणिक मॅट्रिकला शाळेत पहिला आला, त्या दिवशी त्याचे वडील भुजंगराव गल्लीभर फुटाणे वाटत फिरले. पेढे नाहीत, फुटाणे. तेही चोरीचा माल खपवावा तसे. माझ्या हातावर मूठभर ठेवून हळूच म्हणाले, "घ्या मास्तर. आमचं येडं लटकत लटकत पास झालं."

"अहो, पहिला आलाय तो!"

"बाकीचे त्याच्याहून येडे असतील," असं म्हणून ते घाईघाईनं पुढच्या दारात गेलेसुद्धा.

परभणीत आम्ही शेजारी होतो. भुजंगराव तहसील कचेरीत कारकून. निजामाचं राज्य गेलं, पुढे आम्ही मुंबई राज्यात आलो, कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली. पण भुजंगरावांच्या तोंडातली उर्दू काही गेली नाही. मुलाच्या बाबतीत तर ती फारच उपयोगी पडायची. माणिक नालायक, बेकार, निकम्मा. आणि अगदीच माया दाटून आली, की "कामातून गेलेलं लेकरू".

संध्याकाळी लिंबाच्या पारावर आम्ही बापमंडळी जमत असू. प्रत्येकाच्या घरात वाढत्या वयाची मुलं, त्यामुळे विषय ठरलेलाच. कौतुक सांगण्यात मी सगळ्यांत पुढे. माझी सुशीला सायकल शिकत होती, गल्लीतली पहिलीच मुलगी. पहिल्याच दिवशी ती कडब्याच्या गंजीत घुसली, तर "वळण काय झोकात घेतलं पोरीनं!" असं मी पारावर सांगितलं. सांगताना मनाला टोचायचं, की हे कौतुक तिचं चाललंय का माझं? पण तोंड थांबत नसे.

भुजंगरावांचं सगळं उलटं. माणिक पहिल्यांदाच एकटा मोटारीनं जिंतूरला गेला आणि आजारी आत्याला सांभाळून घेऊन आला. मी शाबासकी द्यायला गेलो.

"पळून गेला होता घरातून," भुजंगराव म्हणाले. "जमलं न्हाई म्हणून वापस आला."

"आणि आत्या?"

"ती बिचारी वाटंत गावली असंल."

"दिवस डोक्यावर आल्याबिगर उठत न्हाई," असं ते सकाळी दारात उभे राहून सांगत असताना माणिक पहाटेचा अभ्यास आटोपून, आईची कंबर दुखते म्हणून, आडावरून दोन घागरी घेऊन समोरून जायचा. आम्ही घागरींकडे बघायचो, भुजंगराव आभाळाकडे बघायचे. मिसरूड फुटलेल्या त्या मुलाच्या कानामागे रोज काजळाचा ठिपका असे. माणिक बापाहून उंच झाला होता. ठिपका लावून घ्यायला तो खाली वाकायचा. कॉलेजात जाणाऱ्या वयात मान वाकवून काजळ लावून घ्यायचं म्हणजे काय, हे माझ्या सुशीलेला विचारा. ती तर माझ्या हातून वेणीला रिबीनही बांधू देत नव्हती.

यामागचं कारण भुजंगराव कधी बोलले नाहीत. वहिनी एकदा आमच्या घरी बोलून गेल्या. माणिकच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. पहिल्याच्या बारशाला भुजंगरावांनी त्याला उचलून चार माणसांत "कसं राजबिंडं हाय बघा" म्हटलं होतं. तेव्हापासून त्यांनी जिभेला लगाम घातला. हे कळल्यावर गल्लीनंही त्यांची रीत उचलली. माणिकला चांगलं म्हणायचं नाही, परक्यासमोर तर मुळीच नाही. नजर कुणाची कशी असेल, काय सांगावं!

ह्यातच घोटाळा झाला. औरंगाबादला एका मंडळाचं वसतिगृह होतं. तिथं राहायची-जेवायची सोय झाली तरच माणिकचं कॉलेज, नाहीतर कचेरीत बापाच्या शेजारचं स्टूल. अर्ज गेला होता. एके सकाळी गांधीटोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ गल्लीत आले. सोयरीक बघायला आलेली माणसं करतात तशी, आपण कोण हे न सांगता त्यांनी चौकशी सुरू केली.

सोपान न्हाव्यानं वस्तरा बाजूला ठेवून सांगितलं, "माणिक का? लय आळशी."

दूध घालणारी सखूबाई म्हणाली, "आईच्या हाताखाली काडी उचलत न्हाई बघा."

वाणी म्हणाला, "बापच सांगतो ना, कामातून गेलेलं लेकरू हाय म्हणून."

इतक्या मायेनं इतकी बदनामी मी दुसऱ्या कुणाची झालेली पाहिली नाही.

गृहस्थ पारावर टेकले आणि मला म्हणाले, "वसतिगृहाकडून आलो होतो. दुपारच्या गाडीनं परत निघतो." मी माणिकची बाजू मांडू लागलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही शेजारी, भिडेनं बोलणार. बापाहून जास्त तुम्हाला माहीत आहे का?"

मी कचेरीकडे धावलो. भुजंगराव आले, तोवर गल्ली जमली होती. माणिकही होता.

"तुमचा मुलगा कसा आहे?" गृहस्थांनी विचारलं.

"कशात काय न्हाई साहेब, निक..." आणि तिथेच ते अडले. त्यांनी माणिककडे पाहिलं.

"तू जा. पाणी आण साहेबाला."

"घरातनं का आडावरनं?"

"आडावरनं. लांबच्या."

माणिक वळला. भुजंगराव गृहस्थांच्या कानाशी वाकले आणि एका दमात, देवाला नवस बोलावा तसं कुजबुजले, "पहाटं उठतो. पाणी भरतो. आईचे पाय चेपतो. मला कधी उलटून बोलला न्हाई. साहेब, माझं लेकरू सोनं हाय."

एवढं बोलून ते दचकले, बाजूला थुंकले आणि सरळ घरात गेले. थोड्या वेळानं मीठ-मिरच्या जळाल्याचा असा ठसका उठला, की पारावर जमलेली सबंध गल्ली खोकू लागली. गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "कळलं मला. पाठवा मुलाला." त्यांचे डोळे मिरच्यांनीच भरले होते असं मी धरून चालतो.

माणिक गेला त्या दिवशी सगळी गल्ली स्टेशनवर होती. तो खिडकीतून वाकला, भुजंगरावांनी टाचा उंचावून कानामागे बोट टेकवलं. गाडी हलली. डब्यातल्या अनोळखी माणसांच्या नजरा बघून सोपान ओरडला, "जा रे आळश्या!" मग सगळेच ओरडलो, "निकम्मा! बेकार! नालायक!" माणिक हसत हात हलवत राहिला.

दुसऱ्या दिवशी भुजंगराव पारावर येऊन टेकले.

"पोचला असेल आता," मी म्हणालो.

"पोचला असंल." ते आडाच्या वाटेकडे बघत होते. "पण मास्तर, तिथं त्याला नावं ठेवायला कोण हाय?"

तेवढ्यात समोरून सुशीला सायकलवर गेली, दोन्ही हात सोडून, ताठ. मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "आमच्या येडीला अजून धड सायकल येत नाही बघा."

भुजंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग जरा सरकून मला पारावर जवळ जागा करून दिली.