परवलीचा शब्द

अंगात बनियन आणि अर्ध्या गालावर साबणाचा फेस अशा अवतारात मेजर स्वतःच्याच दाराबाहेर उभे होते, आणि दार आतून बंद होतं.

थोड्याच वेळात पलटणीची गाडी त्यांना न्यायला यायची होती. यंदाच्या संचलनात निशाण मेजरांच्या हाती द्यायचं ठरलं होतं. निवृत्त माणसाला असा मान एकदाच मिळतो. तो फाटकासमोर आडव्या लावलेल्या एका स्कूटरमुळे हुकतो की काय, या विचाराने त्यांचं डोकं फिरलं. दाढी अर्धवट टाकून ते खाली धावले, स्कूटरवाल्याची यथेच्छ हजेरी घेतली आणि फणफणत वर आले. तोवर नातवंडांनी दार ओढून लॅच लावून घेतलं होतं, आणि किल्ली आतच राहिली होती.

"थांब. कोण आहे?" आतून नातीने विचारलं.

"मी आहे. दार उघड."

"परवलीचा शब्द?"

आता दोष द्यायचा तर कुणाला? मुलगी नर्स. तिला रात्रपाळी लागली की दोन्ही पोरं मेजरांच्या ताब्यात यायची, आणि मेजरांनी घराची छावणी करून टाकली होती. दाराशी पहारा, रोज नवा परवलीचा शब्द, तो ठरवायची पाळी आळीपाळीने. शब्द सांगितल्याशिवाय खुद्द सेनापती आला तरी दार उघडायचं नाही, हा हुकूम मेजरांचाच.

मेजरांनी आधी दरडावलं. मग दारावर मुठी आपटल्या. मग दात-ओठ खात चॉकलेट कबूल केलं.

"ताई, हा माणूस लाच देतोय," धाकट्या नातवाने आत वर्दी दिली.

"मग शत्रूच असणार," ताई म्हणाली.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू बाहेर आल्या. शब्द विसरलात का, असं त्यांनी काळजीने विचारलं. विसरलो, असं मेजर त्यांच्यावर खेकसले. ते साफ खोटं होतं. शब्द त्यांना चांगला आठवत होता, तोच तर घशात अडकला होता.

झालं होतं असं. आदल्या संध्याकाळी त्यांनी नातीला संचलनाचे बूट पॉलिश करायला दिले होते. चमकल्याशिवाय एक कोपरा राहता कामा नये, असं बजावलंही होतं. पोरीने हुकूम तंतोतंत पाळला. बुटांचे तळवेसुद्धा चमकवले. मेजर ते घालून ऐटीत घरभर फिरले आणि सगळी फरशी काळी झाली. मग ते असे काही कडाडले की पोर न जेवताच आत गेली. शब्द ठरवायची पाळी नेमकी तिची होती. सुजलेल्या डोळ्यांनी ती बाहेर आली आणि म्हणाली, "उद्याचा शब्द, मी उगाच ओरडलो." नियमापुढे मेजरांचा इलाज चालला नाही.

एवढ्यात गाडीचा ड्रायव्हर जिना चढून आला. त्याने बनियनला कडक सलाम ठोकला आणि सगळा प्रकार ऐकून घेतला.

"साहेब, दोन ठेवून द्या, सुतासारखी सरळ येतील. दार फोडू का?"

मेजर गर्रकन त्याच्याकडे वळले. "हात लावून बघ दाराला. पहाऱ्यावर आहेत ती. माझी माणसं आहेत."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. दाराला तोंड लावून ते काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," आतून उत्तर आलं. "आवाज पोटातून काढायचा."

"मी उगाच ओरडलो."

संचलनाच्या मैदानावरचा तो आवाज जिनाभर घुमला. खालच्या स्कूटरवाल्याला वाटलं, हे आपल्यालाच आहे. "असू द्या हो," तो खालून म्हणाला.

लॅच उघडलं. नातीने सलाम केला आणि दुसऱ्याच क्षणी आजोबांच्या कमरेला मिठी मारली. धाकटा पायाला लोंबकळला. मेजरांना भरून आलं, आणि ड्रायव्हरदेखत भरून आलं म्हणून त्यांना पुन्हा राग आला. तो कुणावर काढावा म्हणून ते वळले, तर जिन्यात मुलगी उभी. ड्यूटीवरून आलेली, हातात घराची किल्ली.

"किती वेळ उभी आहेस?"

"बराच."

"मग उघडलं का नाहीस दार?"

तिने किल्ली पर्समध्ये टाकली. तिचं सगळं लहानपण या माणसाचा आवाज चढेल या धास्तीत गेलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "एकदा मलाही म्हणा ना."

ड्रायव्हरने घड्याळाकडे पाहिलं. मेजरांनी गालावरचा वाळलेला फेस मनगटाने पुसला आणि त्याला खाली गाडीत जाऊन बसायला सांगितलं.

"मला जरा वेळ लागेल," ते म्हणाले.